खळ काढलेलं कापड

आमच्या घरात पाणी जायचं, वीज जायची, गॅसचा सिलिंडर नेमका पाहुणे आल्यावर संपायचा, पण कापड कधी संपलं नाही. कामतघर या आमच्या वस्तीत आमचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना घराला लागूनच आहे, मधे फक्त एक दार. आजोबांनी ज्या जमिनीत भात लावला तिच्यावर वडिलांनी पत्र्याची शेड घातली, आणि तेव्हापासून आमच्याकडे भातापेक्षा कापड जास्त. पडदे त्याचेच, पायपुसणी त्याचीच, पापड वाळत घालायलाही तेच. लूमची खडखड आम्हाला ऐकू येत नाही. ती बंद पडली की मात्र लगेच ऐकू येते, आणि घरातलं माणूस न माणूस मान वर करून विचारतं, काय झालं?

हे कापड अंगाला लावण्यासारखं नसतं. लूमवरून उतरतं तेव्हा ते कडक असतं, पिवळट असतं. उभ्या सुताला तुटू नये म्हणून खळ लावलेली असते, ती तशीच कापडात राहते. त्यावर पाणी सांडलं तर थेंब मोत्यासारखा घरंगळून खाली पडतो. आई मात्र त्यातूनच बाळंतिणीचं कापड तयार करायची. ताक्यातून हवं तेवढं फाडून घ्यायची, सोडा टाकून मोठ्या पातेल्यात उकळायची, आपटून धुवायची, परत उकळायची, गच्चीवर कडक उन्हात टाकायची. असं करत करत खळ पार निघाली की कापड सायीसारखं मऊ व्हायचं आणि पाणी प्यायला लागायचं. आई त्यावर चार थेंब शिंपडून बघायची आणि कौतुकानं म्हणायची, "पितंय बघ कसं."

आळीतल्या कुठल्या घरी दिवस गेले की आईचं पातेलं चुलीवर चढायचं. सातव्या-आठव्या महिन्यात त्या घरी गाठोडं पोचायचं. आगरी असो, ब्राह्मण मास्तरांची सून असो की लूमवरच्या कारागिराची बायको असो, आईनं कधी फरक केला नाही. कारागिरांच्या बायकांशी ती तिच्या हिंदीत बोलायची, "ये लेके जाव, एकदम नरम हाय, बच्चे को बी चलेगा." ते ऐकून मी हसायचे आणि ती मला डोळे वटारायची. आईला अभिमान कशाचा म्हणाल तर या कापडाचा होता. आपली बाळंतीण ओल्यात पडत नाही, असं ती सांगायची. माझ्या आजीनं तिच्या दोन लेकी बाळंतपणात गमावल्या होत्या, आणि आईच्या मते त्याला कारण होतं फाटक्या लुगड्यांच्या मळक्या चिंध्या. स्वच्छता ठेवली की बाई वाचते, एवढं आईला पक्कं ठाऊक होतं. यात चुकीचं काही नव्हतं. म्हणूनच ते डोक्यातून काढणं पुढे इतकं कठीण गेलं.

मी शाळेत शिकवते. नाकावर राग असलेली बाई अशी माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. वहिनी घरात आली तेव्हा मी अविवाहित होते, आणि आता आपल्याला सगळं सांभाळून बोलावं लागणार म्हणून मी आधीच वैतागले होते. पण ती माझ्यापेक्षा तिखट निघाली. मी वह्या तपासत बसले की ती मागे उभी राहून म्हणायची, "वन्सं, त्या पोराला दोन गुण द्या हो, नाहीतर तुमचं लग्न लांबेल." तिची आई ती लहान असतानाच गेली होती. मावशीनं वाढवलेली पोर. माझी आई जरा मायेनं बोलली की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते लपवायला ती काहीतरी चेष्टा करायची. मला ती आवडायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही, आमच्या घरात असं कुणी कुणाला सांगत नाही.

तिला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीचा प्रश्न आला. मावशीचं घर लांब, मावशी थकलेली. आईनं एका वाक्यात विषय संपवला. "तिचं म्हायेर हितंच. मीच तिची आई." वहिनी त्या दिवशी दिवसभर गुणगुणत होती.

वहिनी गोरी होती. गरोदरपणात ती आणखी गोरी दिसायला लागली. शेजारणी यायच्या आणि म्हणायच्या, काय रंग उजळलाय हो सुनेचा, मुलगीच होणार बघा. आईला धन्य वाटायचं. ओठ फिके, नखं फिकी, डोळ्यांच्या आतली कड फिकी, पण आमच्याकडे सावळ्या बायकांच्या गर्दीत फिकं ते सगळं गोरंच दिसतं. आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तर कमी निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की तिला मळमळायचं आणि शौचाला काळं व्हायचं, म्हणून ती एक दिवस घ्यायची, दोन दिवस विसरायची. आई तिला बीट, खजूर, अळीव असं खाऊ घालायची. ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं, रक्त थोडं कमी आहे, खायला घाला. खायला घालणं हे तर आम्ही करतच होतो. त्या "थोडं" या शब्दानं आम्ही निश्चिंत झालो.

तो दवाखाना धामणकर नाक्याच्या मागच्या एका गल्लीत होता. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. वर दोन खोल्या, खाली डॉक्टरांची बसायची जागा, आणि सगळ्या कामांना मिळून एक नर्स. वहिनी सकाळी बाळंत झाली. मुलगी झाली. दादानं मला शाळेत फोन केला आणि मी वर्ग दुसऱ्या बाईंवर सोपवून शेअर रिक्षा पकडली. नाक्यावर नेहमीसारखाच खोळंबा होता, ट्रकांना ट्रक चिकटलेले. मी उतरून चालत गेले. वाटेत पेढे घेतले.

जिना चढून वर गेले तर आई समोरून येत होती. तिच्या हातात झाकण घातलेली प्लास्टिकची बादली होती, दोन्ही हातांनी धरलेली, चालताना गुडघ्याला आपटत होती. मी म्हटलं, "दे मी घेते." ती म्हणाली, "तू नको. बालंतिनीचं हाय. घरचं रगत परक्याला धुवाया द्यायचं नस्तं आनि कुवार पोरीनं त हात लावायचाच न्हाय." असं म्हणून ती मोरीत शिरली. नळाचा आवाज यायला लागला.

वहिनी पलंगावर पडली होती. इतकी स्वच्छ बाळंतीण मी आजवर पाहिली नव्हती. अंगाखाली आईचं पांढरंशुभ्र मऊ कापड, अंगावर पांढरी चादर, केस विंचरून बांधलेले. मी तिच्या तोंडाजवळ पेढा नेला, तिनं मान हलवली. "वन्सं, गुण द्या ना मला," ती हळूच म्हणाली. मी म्हटलं, पैकीच्या पैकी. ती हसली, आणि हसता हसता जांभई दिली. मग आणखी एक. मला वाटलं, दमलीय, झोप आलीय. बाळ माझ्या हातात दिलं तेव्हा मी त्याच्याकडेच बघत राहिले. नुकत्याच जन्मलेल्या बाळाकडे कोण बघत राहत नाही!

मधे नर्स आली. तिनं चादर उचलून पाहिलं. खालचं कापड आईनं आत्ताच बदललेलं, त्यावर हाताच्या पंजाएवढा डाग. "छान आहे," असं म्हणून नर्स दुसऱ्या खोलीत गेली, तिथे एका बाईच्या कळा चालू होत्या. डॉक्टर दुसऱ्या दवाखान्यात गेले होते. आई मोरीतून आली, तिनं परत कापड पाहिलं, परत बदललं, परत घडी करून बादलीत टाकलं, वर झाकण. बादली भरली की मोरी. तिचा हात सतत चालू होता, लूमचा धोटा चालतो तसा, इकडून तिकडे, तिकडून इकडे. एकदा ती कौतुकानं म्हणालीही, "किती पितंय बघ. खाली ठिपका न्हाय."

वहिनी म्हणाली, थंडी वाजतेय. बाहेर ऊन रणरणत होतं. आईनं पांघरूण घातलं. वहिनी म्हणाली, पाणी. आईनं चमच्यानं पाणी पाजलं. मग ती काहीतरी पुटपुटली, आणि तिचा हात मी हातात घेतला तर तो बर्फाच्या लादीवरून आत्ता उचलल्यासारखा होता. मी ओरडले. मला ओरडता चांगलं येतं, तो माझा धंदाच आहे. नर्स धावत आली, तिनं मनगट धरलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

पुढचं सांगण्यासारखं नाही. इंजेक्शनं, फोन, ठाण्याला न्या, रक्ताची सोय करा. ॲम्ब्युलन्स आली, पण नाक्यावर सकाळचाच खोळंबा अजून सुटला नव्हता. सायरन वाजत होता आणि समोरचा ट्रक हलत नव्हता. दादा उतरून ट्रकच्या दारावर मुठी आपटत होता. वहिनी त्या रस्त्यातच गेली. आम्ही तरीही तिला ठाण्यापर्यंत नेलं, कारण मागे फिरायचं म्हटलं असतं तर ती गेली हे आम्हालाच म्हणावं लागलं असतं, आणि ते कुणाच्या तोंडून निघालं नाही.

दुपारी कारखान्यातले लूम बंद केले. ती शांतता मी विसरणार नाही. कारागीर दारात उभे होते. आणि मोरीवरच्या दोरीवर आईनं सकाळी दवाखान्यात धुऊन घरी पाठवलेली कापडं वाळत होती. पांढरी, एकही डाग नसलेली.

मग लोक आले. देवाची मर्जी, तिचं तेवढंच आयुष्य, पोरगी आईला खाऊन आली. हे शेवटचं बोलणाऱ्या बाईला मी उठून दाराबाहेर काढलं. नात्यात त्यावरून बरंच बोलणं झालं आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही. पुन्हा पुन्हा एकच वाक्य कानावर पडत होतं, "असं कसं झालं? रक्तसुद्धा काही फार गेलं नाही म्हणे." ते आईच सांगत होती. खोटं सांगत नव्हती. तिनं जे पाहिलं होतं ते ती सांगत होती. एका वेळी एक कापड, आणि त्यावर एक डाग.

दिवस-कार्य झाल्यावर पालिकेच्या आरोग्य खात्यातल्या एक सिस्टर आल्या. बाळंतपणात बाई गेली की त्या घरी जाऊन विचारपूस करावी लागते, का गेली ते समजून घ्यावं लागतं, म्हणजे पुढची वाचेल. त्यांनी ते फार जपून सांगितलं. दादा उठून कारखान्यात निघून गेला. मला राग आला होता. आता विचारून काय करणार, असं मी तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, "हो ताई, बरोबर आहे तुमचं," आणि बसून राहिल्या. अशा माणसाशी भांडता येत नाही.

त्यांनी आईला विचारलं, "आजी, रक्त किती गेलं असेल?"

"जास्ती न्हाय. सगल्यांना जातं तेवढंच."

"कापडं किती वेळा बदललीत?"

"सारखी बदलत व्हते. पोरीला वल्यात झोपवू काय?" आईच्या आवाजात तो जुना अभिमान आला. "माझी सून शेवटपर्यंत कोरडी व्हती."

सिस्टरनी ते कापड बघायला मागितलं. आईनं गाठोड्यातलं एक घडी केलेलं कापड आणून दिलं. सिस्टरनी ते हातात घेतलं, दाबून पाहिलं, आणि म्हणाल्या, "फार छान केलंय हो. बाहेर साधे तुकडे वापरतात, ते भिजले की रक्त गादीवर येतं, लोक घाबरतात, ओरडतात. हे सगळं आतच धरून ठेवतं." मग, जमिनीकडे बघत, "कोरडं असताना जोखून ठेवायचं असतं, आणि भिजल्यावर परत जोखायचं. मग कळतं किती गेलं. नुसतं बघून कुणालाच कळत नाही, आम्हालाही नाही. आणि ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी, तिला इतरांपेक्षा लवकर जड जातं."

"जोखायचं" हा शब्द ऐकून आईनं मान वर केली. तो तिचा शब्द होता. वडील गेल्यापासून कारखान्यातलं सूत येताना आणि कापड जाताना तीच काट्यावर घालून घ्यायची. कोणाचं किती सूत आलं, त्याचं किती कापड झालं, किती चिंधीत गेलं, हे तिच्याइतकं चोख कुणी बघत नव्हतं. व्यापाऱ्याचा माणूस दोन मुठी सूत कमी आणायचा आणि आई काटा न पाहताच म्हणायची, परत जोख. कापड हे तोलून बघायचं असतं, हे तिला सिस्टरनी शिकवण्याची गरज नव्हती. फक्त त्या एका ठिकाणी ते तिला सुचलं नव्हतं. कुणाला सुचेल?

सिस्टर गेल्या. मी बाळाला दूध पाजत होते. मोरीतून तांब्याचा आवाज येत होता, म्हणून मी दारापर्यंत गेले. आई पाटावर बसली होती. समोर ताटात तेच घडी केलेलं कापड. ती तांब्यातून त्यावर हळूहळू पाणी ओतत होती. कापड पीत होतं. तिनं तांब्या परत भरला, परत ओतला. ताटात पाणी यायची ती वाट बघत होती, आणि पाणी येत नव्हतं. वरून ते कापड ओलं दिसत होतं, एवढंच. शेवटी तिनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि पिळलं. धार लागली ती थांबेना. आईनं वर पाहिलं नाही. मी आल्या पावली मागे फिरले.

त्यावर आम्ही कधी बोललो नाही. दादाशी तर नाहीच. पण त्यानंतर आईचं पातेलं चुलीवर चढलं नाही. समोरच्या घरची सून गरोदर होती, तिची सासू गाठोडं मागायला आली तर आईनं, "न्हाय आता माझ्याकडं," एवढंच सांगून दार लोटलं. सासूला राग आला. नातीला मात्र आई क्षणभर खाली ठेवत नव्हती. रात्रंदिवस तिचे हात-पाय चाचपायची, गरम आहेत ना बघायची. पोर मोठी व्हायला लागली, आई वाळायला लागली.

माझं लग्न झालं ते नारपोलीत. माहेर आणि सासर यांच्यात एका रिक्षाचं अंतर, त्यामुळे भांडून माहेरी जायचीही सोय नाही, पोचेपर्यंत राग उतरत नाही. मला दिवस गेले तेव्हा मी आनंदानं आईला सांगायला गेले. ती भाजी निवडत होती. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "चांगलं झालं. सासरीच कर बालंतपन."

मला ते झोंबलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मोडायची म्हणजे काय? सासरची माणसं काय म्हणतील? मी बडबडत राहिले. ती देठ खुडत राहिली. शेवटी मी ओरडले, "मला तुझ्याशिवाय कोण आहे इथे?" तेव्हा ती म्हणाली, "तुला कोनीबी चालंल, बाय. मी नको." आणि हात पुढे धरले. हातांकडे बघत म्हणाली, "ह्ये नको."

मी घरी जाऊन रडले. मला भीती वाटत होती, ती आता सांगते. वहिनीची जांभई मला झोपेत ऐकू यायची. मला आईच पाहिजे होती, तेच हात पाहिजे होते, आणि त्याच हातांची मला भीतीही वाटत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि त्या कुणाला सांगता येत नव्हत्या. मी गोळ्या घेतल्या. एकही चुकवली नाही. मळमळलं तर ओकायचे आणि परत घ्यायचे. आरशात डोळ्याची खालची कड ओढून बघायचे, लाल आहे का. कुणी म्हटलं रंग उजळलाय, तर मी त्या बाईकडे अशी बघायचे की ती विषय बदलायची. नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, रक्त द्यायची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच, आणि दिवस भरायच्या आधीच तिकडच्या बाजूला जाऊन राहायचं. तो बिचारा माझ्या रागाला घाबरून सगळ्याला हो म्हणाला.

भर दिवसा बाळंत झाले. मुलगा झाला, रडला, सगळं नीट. बाळ बाहेर आल्या आल्या मला इंजेक्शन दिलं. माझ्या अंगाखाली तिथल्या नर्सनं खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी अशी लावली होती की गेलेलं रक्त तिच्यात जमा व्हावं. मी डोकं उचलून उचलून त्या खुणा बघत होते, तेव्हा तिनं मला झोपून राहा म्हणून दटावलं. मग वॉर्डात आणलं. डोळे मिटून पडले होते, तर ओळखीचा आवाज आला.

"कुठं हाय?"

आई दारात उभी होती. खांद्याला शबनम, बगलेत गाठोडं. तिला कुणी आणलं, कशी आली, मी विचारलं नाही. ती पलंगापाशी आली, माझ्या गालाला हात लावला, मग पायाला. गरम आहेत ना ते बघितलं. नातवाकडे एकदा पाहिलं, एवढंच. मग गाठोडं सोडलं. तेच कापड, खळ काढलेलं, मऊ. आणि त्याच्या आत गुंडाळलेला कारखान्यातला टांगता काटा, चिंधी जोखायचा, स्प्रिंगचा.

नर्स म्हणाली, "आजी, हे काय आणलंत? इथे आमचे पॅड आहेत."

"असू द्या. तुमचं तुमी बघा, माझं मी बघते."

नर्स माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "बघू द्या तिला, सिस्टर. प्लीज." माझ्या तोंडून प्लीज हा शब्द क्वचित निघतो. नर्सनं माझा चेहरा पाहिला असावा. तिनं मला नीट तपासलं, पोटावर हात दाबून पाहिलं, आणि म्हणाली, "ठीक आहे. पण हातमोजे घाला, आणि मला दाखवल्याशिवाय एकही कापड इथून हलवायचं नाही." आई म्हणाली, "हलवनारच न्हाय."

आणि खरंच, तिनं ती दुपार तशी काढली. प्रत्येक कापड आधी कोरडं जोखलं. मग माझ्याखाली घातलं. भिजलं की काढलं, हुकाला अडकवलं, काटा डोळ्यांसमोर धरला, आणि काटा डुलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून उभी राहिली. शेजारच्या पलंगावरच्या बायका टकामका बघत होत्या. एकीनं तोंडाला पदर लावून हसायला सुरुवात केली. आई तिच्याकडे वळलीसुद्धा नाही. नर्स येऊन बघून जायची, मान डोलवायची. एकदा म्हणाली, "अगदी नेहमीएवढंच आहे, आजी. काळजी नको." आई म्हणाली, "कालजी न्हाय. जोखते हाय."

एकही कापड तिनं धुतलं नाही. सगळी तिथेच, पलंगाखाली, उघड्या बादलीत, झाकण न घालता. हळूहळू बदलायची वेळ लांबत गेली, डाग लहान होत गेले. माझे पाय गरम होते. मला भूक लागली होती, मी चहा-बिस्किटं मागितली, आणि ते ऐकून आई पहिल्यांदा स्टुलावर टेकली.

संध्याकाळी नर्स म्हणाली, आता बादली न्यायला हरकत नाही, तिकडे कोपऱ्यात ठेवा, आमची माणसं घेऊन जातील. आई उठली. वाकली. बादलीची कडी धरून ती उचलली, आणि उभी राहिली ती तशीच राहिली. मला वाटलं पाठीत उसण भरली. "आई?" मी म्हटलं.

ती हातातल्या बादलीकडे बघत होती. एका हाताला होती ती बादली, दुसरा हात मोकळा. तो मोकळा हात तिनं वर केला, बोटं उघडून बघितली, आणि मिटली.

"त्या दिशी दोनी हात लावाया लागले व्हते," ती म्हणाली. "मना वाटलं, पानी जास्ती झालं. मी त अजून पानी घातलंबी नव्हतं, बाय."

त्या जिन्यावरची बादली माझ्याही डोळ्यांसमोर आली, गुडघ्याला आपटणारी. जिनं आयुष्यभर सूत जोखलं, मूठभर कमी-जास्त झालं तर जिच्या हाताला कळायचं, तिच्या हाताला त्या दिवशीही कळलं होतं.

आई पलंगाजवळ आली. माझा हात धरून तिनं बादलीची कडी माझ्या बोटांत दिली, आणि आपला हात काढून घेतला. बादली माझ्या हाताला लटकली. काहीच जड नव्हती. आत्ताच बाळंत झालेल्या, अंगात त्राण नसलेल्या बाईलाही सहज पेलावी इतकी हलकी.

"बघ," आई म्हणाली. "एवढंच असाया पायजे व्हतं तिचं."